ब्रुकलिनचा झुलता पूल: कोणी बांधला आणि कोणाच्या नावावर राहिला?

हडसनकाठ (धागाकर्ता)

पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांची जी यादी न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घरात पाठ असते, तिच्यात ब्रुकलिनचा पूल तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर असतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा झाला, टाइम्स स्क्वेअर झाला, की संध्याकाळी पुलावर चालायचे, दोरांच्या जाळ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे आणि पलीकडे उतरून पिझ्झा खायचा, असा तो क्रम. गेल्या मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या, तेव्हा मीही तोच क्रम पाळला. पहिल्या मनोऱ्याच्या कमानींखाली त्या थांबल्या, दगडावर हात टेकला आणि म्हणाल्या, “जावईबापू, ह्याच्या पायात माणसं किती गेली हो?”

मोठ्या पुलाला माणूस लागतो, ही समजूत त्यांच्या लहानपणी गावात पक्की होती. नदीवर पुलाचे काम निघाले, की आया मुलांना तिन्हीसांजेनंतर बाहेर सोडत नसत. मला पुलाची लांबी ठाऊक होती, उंची ठाऊक होती, पण हा प्रश्न मला पंधरा वर्षांत सुचला नव्हता. घरी येऊन शोधू लागलो आणि वाचतच गेलो. वीसपासून चाळीसपर्यंत निरनिराळे आकडे छापलेले आढळतात. सत्तावीस हा त्यांतला नेहमी भेटणारा. पुलाच्या चार मुख्य दोरांपैकी प्रत्येकात पाच हजारांहून अधिक तारा आहेत, हे मात्र सगळीकडे न चुकता दिलेले असते.

थोडक्यात इतिहास असा. जॉन रोबलिंग हा जर्मनीतल्या म्यूलहाउझेन गावी १८०६ मध्ये जन्मलेला अभियंता १८३१ मध्ये अमेरिकेत आला, लोखंडी तारांचे दोर वळण्याचा कारखाना त्याने काढला आणि नायगाऱ्यावर रेल्वे नेणारा झुलता पूल १८५५ मध्ये उभा करून दाखवला. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही तेव्हा दोन वेगळी शहरे होती आणि मधल्या ईस्ट रिव्हरवर फक्त तरी (प्रवासी बोटी) चालत. हिवाळ्यात नदीत बर्फ साचले, की त्याही अडत. त्या नदीवर पूल बांधण्याचे काम जॉनला मिळाले. २८ जून १८६९ रोजी तो ब्रुकलिनच्या धक्क्यावर मनोऱ्याची जागा निश्चित करत असताना धक्क्याला लागणाऱ्या तरीने त्याचे पाऊल चिरडले. बोटे कापावी लागली. डॉक्टरांपेक्षा जलोपचारावर त्याचा अधिक विश्वास होता. २२ जुलैला तो धनुर्वाताने गेला. बांधकामाला त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, जानेवारी १८७० मध्ये, सुरुवात झाली. म्हणजे पुलाने पहिला माणूस पाया खणण्याआधीच घेतला होता. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली.

पुढे त्याचा मुलगा वॉशिंग्टन बत्तिसाव्या वर्षी मुख्य अभियंता झाला, पायाच्या कामात दाबाखालच्या हवेने कायमचा आजारी पडला आणि त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या व कामाच्या मधला दुवा होऊन हे काम शेवटास नेले. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला. मधला गाळा १,५९५ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे ४८६ मीटर. त्या दिवशी जगातला सर्वांत लांब. खर्च दीड कोटी डॉलरच्या वर गेला.

हा धागा काढण्याचे कारण मनोऱ्यावरची पाटी. १९५१ मध्ये ब्रुकलिनच्या अभियंत्यांच्या मंडळाने ती बसवली. तिच्यावर ‘पुलाचे निर्माते’ म्हणून तीन नावे आहेत: एमिली, वॉशिंग्टन आणि जॉन, ह्याच क्रमाने. एका घराण्यातली तीन माणसे आणि पूल, एवढेच त्या पाटीला सांगायचे आहे. पुलाची आठवण ठेवायची, तर ती नेमकी कोणाची ठेवावी आणि आज प्रत्यक्षात कोणाची राहिली आहे, ह्याविषयी आपल्या सदस्यांचे म्हणणे वाचायला आवडेल.

---

तारओढ

धाग्याबद्दल आभार. मी बांधकाम क्षेत्रात अठ्ठावीस वर्षे काढली आहेत, म्हणून पायाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच, पाण्याखाली आहे.

भांडे पालथे करून बादलीत दाबले, तर आतली हवा पाणी वर येऊ देत नाही. मनोऱ्यांच्या पायासाठी वापरलेले ‘कॅसन’ हे तसेच पालथे घातलेले खोके होते, फक्त लाकडाचे आणि एखाद्या वाड्याएवढे. ब्रुकलिनच्या बाजूचे खोके १६८ फूट लांब आणि १०२ फूट रुंद होते. त्याच्या छतावर दगडी मनोरा रचत जायचे, आत माणसांनी नदीचा तळ खणत राहायचे आणि वरच्या वजनाने खोके हळूहळू खाली रुतत जायचे. पाणी बाहेर ठोपवण्यासाठी आत दाबाखाली हवा सोडलेली असे. खोली वाढत जाईल तसा हा दाब वाढवावा लागे. उजेडासाठी मेणबत्त्या, कंदील आणि गॅसचे दिवे होते. दाबलेल्या हवेत लाकूड किती झपाट्याने पेटते, हे डिसेंबर १८७० मध्ये छताच्या आत लागलेल्या आगीने सर्वांना कळले आणि अखेर अख्खे खोके पाण्याने भरावे लागले.

ब्रुकलिनकडे साडेचव्वेचाळीस फुटांवर काम भागले. न्यूयॉर्कच्या बाजूला खडक लागेना. साठ-सत्तर फुटांखाली गेल्यावर माणसे वर आली, की त्यांचे सांधे धरत, पोटात कळा येत, काहींचे पाय लुळे पडत. आज आपण सांगू शकतो, की दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब एकदम उतरल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तेच. पण हे कारण पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले ते १८७८ मध्ये. पुलाच्या कामावर नेमलेले डॉक्टर अँड्र्यू स्मिथ ह्यांनी ११० रुग्णांची नोंद केली आणि वर येताना दाब सावकाश उतरवावा, असे सांगितले. तो वेळ मात्र फारच थोडा ठेवला गेला. पुन्हा खाली गेले, की दुखणे थांबते, हेही तेव्हा ध्यानात आले होते. उपाय हाताशी होता, कारण ठाऊक नव्हते.

एप्रिल १८७२ मध्ये जॉन मायर्स हा मजूर गेला. काही दिवसांत पॅट्रिक मॅके गेला. मे महिन्यात मजुरांनी वाढीव रोजीसाठी काम बंद केले. तोवर रोजी सव्वादोन डॉलरच्या आसपास होती. त्याच महिन्याच्या १८ तारखेला वॉशिंग्टन रोबलिंगने ७८ फूट ६ इंचांवर खणणे थांबवले. खाली खडक नव्हता. घट्ट बसलेली वाळू आणि खडी होती. आणखी खाली जायचे, तर पैसा लागला असता, एक वर्ष लागले असते आणि माणसे तर लागलीच असती. त्याने वाळूचे थर तपासले, ते युगानुयुगे हललेले नाहीत असा निर्णय घेतला आणि न्यूयॉर्कचा मनोरा वाळूवर उभा केला. तो आजही वाळूवरच उभा आहे.

माझ्या मते ह्या पुलाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अभियांत्रिकी निर्णय होय, आणि त्यावर पाटी नाही, कारण न केलेल्या खोदकामावर पाटी लावता येत नाही.

---

माजघर

तारओढ, प्रतिसाद फार आवडला. मी मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पाटीकडे, वळते.

त्या पाटीवरची शब्दयोजना नीट वाचावी, असे सुचवते. एमिलीच्या नावापुढे म्हटले आहे, की तिच्या ‘श्रद्धेने आणि धैर्याने’ आजारी पतीला हे काम पुरे करण्यास साहाय्य झाले. आणि खाली, प्रत्येक थोर कार्यामागे एका स्त्रीची आत्मत्यागी निष्ठा आढळते, अशा अर्थाचे वाक्य आहे. श्रद्धा आली, धैर्य आले, त्याग आला. अभ्यास कोठेही आला नाही. एमिलीने गणित, दोराच्या झोळाची वक्रता, पदार्थांची ताकद आणि पुलाच्या तपशिलांचा पद्धतशीर अभ्यास केला होता; कारखानदारांचे प्रतिनिधी आणि विश्वस्त तिच्याशी तांत्रिक बोलणी करत असत. ह्यातले काहीही नसते, नुसती श्रद्धाच असती, तर पोलादाच्या भागांविषयीचे निरोप तिला पोहोचवता आले नसते.

विशेष हे, की १८८३ च्या उद्घाटनात अब्रॅम ह्यूइट ह्यांनी केलेल्या भाषणात एमिलीचा उल्लेख ह्याहून पुढचा होता. हा पूल एका स्त्रीच्या निष्ठेचे स्मारक आहेच, पण ज्या उच्च शिक्षणापासून स्त्रियांना फार काळ दूर ठेवले गेले त्या शिक्षणासाठीच्या तिच्या क्षमतेचेही ते स्मारक आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे १८८३ मध्ये जे व्यासपीठावरून बोलले गेले, त्यातला अर्धा भाग अडुसष्ट वर्षांनी पाटीवर चढेपर्यंत गळून पडला.

आणि एक तारीख मांडून ठेवते, तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा. ते भाषण २४ मे १८८३ चे. त्यानंतर अकरा दिवसांनी, ४ जूनला, अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून निघालेल्या जहाजातून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत तिने, आपण अमेरिकेस का जाणार, हे स्वतः उभे राहून सांगितले होते. आनंदीबाई जोशी.

---

चिकित्सक

माजघर ह्यांच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. एमिलीचे कर्तृत्व नाकारण्याचा प्रश्न नाही, परंतु अलीकडे समाजमाध्यमांवर ‘ब्रुकलिन पूल एका स्त्रीने बांधला’ असे जे फिरते, ते तितकेच चुकीचे आहे. मुख्य अभियंता शेवटपर्यंत वॉशिंग्टनच होता. १८७२-७३ च्या हिवाळ्यात आपण वाचणार नाही असे वाटल्याने त्याने उरलेल्या कामाच्या बारीकसारीक सूचना आणि रेखाटने तयार करून ठेवली. १८८२ मध्ये त्याला काढून टाकण्याचा ठराव विश्वस्तांपुढे आला, तेव्हा दहा विरुद्ध सात मतांनी तो टिकला. शरीर मोडले होते. हिशेब मोडला नव्हता.

दुसरे, खिडकीत दुर्बीण लावून बसलेला आणि अकरा वर्षे पुलाकडे पाहत राहिलेला अभियंता, हे चित्रही सैल आहे. १८७३ मध्ये तो उपचारांसाठी जर्मनीत गेला, परतल्यावर काही वर्षे ट्रेंटनला राहिला आणि ब्रुकलिनच्या कोलंबिया हाइट्सवरच्या घरात १८७७ मध्ये पुन्हा आला. तोवर दोन्ही मनोरे उभे राहिले होते आणि नदीवरून पहिली तारही गेली होती. २५ ऑगस्ट १८७६ रोजी फॅरिंग्टन नावाचा मुख्य कारागीर तारेला टांगलेल्या फळीवर बसून त्यावरून पलीकडे गेला, खाली बोटींतून आणि धक्क्यांवरून हजारो लोक पाहत होते. वॉशिंग्टनने तो सोहळा खिडकीतून पाहिलेला नाही.

ह्या गृहस्थाचे दुर्दैव असे, की तो १९२६ पर्यंत, एकोणनव्वदाव्या वर्षापर्यंत, जगला आणि त्याला आपली ओळख शेवटपर्यंत सांगावी लागली. लोक त्याला त्याचा बापच समजत. बहुतेकांना वाटते की मी १८६९ मध्येच वारलो, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. पूर्वी बापाने झाकला, आता बायकोने.

---

माजघर

चिकित्सक, शेवटचे वाक्य वगळता सर्व मान्य. एमिलीने मुख्य अभियंता असल्याचा दावा कधीही केला नाही आणि मीही तो केलेला नाही. माझे म्हणणे पाटीवरच्या शब्दांपुरते आहे. ‘झाकणे’ हे क्रियापद मात्र मला पटत नाही: जिने त्याचे शब्द त्याच्या अंथरुणापासून पुलापर्यंत नेले, तिने त्याला झाकले कसे? उद्घाटनापूर्वी घोडागाडीतून पूल ओलांडण्याचा पहिला मान तिला दिला गेला, मांडीवर विजयाची खूण म्हणून जिवंत कोंबडा घेऊन ती गेली. पुढे १८९९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून कायद्याचे प्रमाणपत्र तिने मिळवले, आणि विवाहित स्त्रीच्या कायदेशीर दुबळेपणावर निबंध लिहिला. तो निबंध आज कोणी आठवत नाही. कोंबडा सर्वांना आठवतो.

---

तारओढ

माजघर ह्यांनी ह्यूइट ह्यांचे भाषण काढले आहे, म्हणून त्याच्या मागची गोष्ट सांगणे भाग आहे. ती वाचल्यापासून मला ते भाषण पूर्वीच्या कानांनी ऐकता येत नाही.

दोरांसाठी पोलादी तार घ्यायची वेळ आली, तेव्हा विश्वस्त असलेल्या ह्याच ह्यूइट ह्यांनी ठराव आणला, की पुलाच्या कामाशी संबंधित अभियंत्याचा हितसंबंध असलेल्या कारखान्याची निविदा घेऊ नये. दिसायला ठराव अतिशय स्वच्छ. त्यामुळे रोबलिंग घराण्याचा कारखाना बाहेर पडला आणि कंत्राट जे. लॉइड हेग ह्या ब्रुकलिनच्या कारखानदाराकडे गेले. हेग विश्वासार्ह नाही, असे वॉशिंग्टनने आधीच कळवले होते. हेगच्या कारखान्यावर ह्यूइट ह्यांचेच गहाण होते.

१८७८ मध्ये कपट उघड झाले. तपासनीस कारखान्यात चांगली वेटोळी तपासून शिक्का मारत. गाडी पुलाकडे निघाली, की वाटेत एका इमारतीत ती वेटोळी उतरवली जात, आधी नापास झालेली तार गाडीत भरून पुलावर जाई आणि चांगली वेटोळी पुन्हा तपासणीसाठी माघारी येत. तीच चांगली तार कितीदा पास झाली असेल, ह्याची कल्पना करावी. खराब तार तोवर दोरांत गुंफली गेली होती आणि आता काढता येत नव्हती.

पूल वाचला तो हिशेबातल्या सढळ हातामुळे. दोर लागतील त्याच्या सहापट ताकदीचे धरलेले होते. खराब तार वजा केली, तरी निदान पाचपट उरते, असे वॉशिंग्टनने गणित मांडले, प्रत्येक दोरात १५० जादा तारा घालायला लावल्या आणि त्यांचा खर्च हेगवर टाकला. ही खराब तार आजही तेथे आहे. आपण फोटो काढतो तो तिच्यासकट.

शिवाय मनोऱ्यांपासून पंख्यासारखे पसरलेले जे तिरपे ताणदोर फोटोत इतके सुंदर दिसतात, ते शोभेसाठी नाहीत. वाऱ्यात पूल हेलकावू नये आणि भार वाटला जावा म्हणून जॉन रोबलिंगने ते घातले. मुख्य दोर तुटले, तरी पूल झोळ खाईल पण पडणार नाही, असा त्याचा दावा होता. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, १९४० मध्ये, टॅकोमाचा झुलता पूल वाऱ्याने पिळवटून पडला. तो आधुनिक गणिताने आखलेला, सडपातळ होता. म्हातारा रोबलिंग गणितापेक्षा वाऱ्याला अधिक भीत असे.

---

सोमवारपेठ

वाचनमात्र होतो, एका विषयाचा उल्लेख झाला नाही म्हणून लिहितो. उद्घाटनानंतर सहाच दिवसांनी, ३० मे १८८३ रोजी, सुटीच्या दिवशी पुलावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसे मेली. न्यूयॉर्ककडच्या अरुंद पायऱ्यांवर एक बाई पडली, कोणी किंचाळले आणि पूल कोसळतो आहे अशी हूल उठली. पूल जागचा हलला नव्हता. ही बारा माणसे हडसनकाठ ह्यांच्या सत्तावीसमध्ये धरलेली नाहीत, कारण ती बांधताना मेली नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी, १७ मे १८८४ रोजी, सर्कसवाल्या बार्नमने आपले एकवीस हत्ती पुलावरून चालवत नेले. हत्ती सर्वांच्या लक्षात आहेत, मुलांच्या पुस्तकांतही येतात. पायऱ्यांवरची बारा माणसे शोधावी लागतात.

---

जुनाखांब

मी ब्रुकलिनमध्ये एकतीस वर्षे राहतो आहे. आपण सर्व एकोणिसाव्या शतकाविषयी लिहीत आहात, म्हणून एका अलीकडच्या दिवसाविषयी लिहितो.

११ सप्टेंबर २००१ रोजी माझी कचेरी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला होती. भुयारी गाड्या बंद झाल्या, फोन लागेना आणि घर पलीकडे होते. त्या सकाळी हजारो लोक ह्या पुलावरून चालत ब्रुकलिनला गेले. त्यांत मी होतो. एरवी ज्या लाकडी फळ्यांवर सायकलवाले आणि पर्यटक एकमेकांवर डाफरत असत, तेथे कोणी मोठ्याने बोलत नव्हते. माझ्यापुढे एक बाई अनवाणी चालत होती, उंच टाचांचे जोडे तिने हातात धरले होते आणि तिच्या केसांवर पिठासारखी पांढरी धूळ होती. मधल्या गाळ्यावर पूल पायाखाली हलतो आहे असे मला वाटले आणि पोटात गोळा आला. झुलता पूल माणसांच्या भाराने हलतो, त्याने हललेच पाहिजे, हे ठाऊक असूनही. ब्रुकलिनच्या टोकाला लोक पाण्याचे पेले घेऊन उभे होते.

मी त्यानंतर पूल अनेकदा ओलांडला आहे, परंतु पाटी वाचायला कधी थांबलो नव्हतो. हा धागा वाचून गेल्या रविवारी थांबलो. माजघर म्हणतात ते शब्द तसेच आहेत.

---

चिकित्सक

काका, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिले नाही.

हडसनकाठ ह्यांच्या मूळ प्रश्नाला धरून एक बाजू राहिली आहे, ती मांडतो. हा पूल एका शहराच्या मृत्यूचेही स्मारक आहे. पूल सुरू झाला तेव्हा ब्रुकलिन हे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होते, त्याचा स्वतःचा महापौर होता आणि उद्घाटनाला सेथ लो हे त्या नात्याने उपस्थित होते. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विलीन व्हावे की नाही ह्यावर कौल घेतला गेला, आणि ब्रुकलिनमध्ये विलीनीकरणाच्या बाजूचे लोक अवघ्या २७७ मतांनी जिंकले. १ जानेवारी १८९८ पासून ब्रुकलिन हा न्यूयॉर्कचा एक विभाग झाला. जुने ब्रुकलिनवासी ह्याला ‘महाचूक’ म्हणत. दोन शहरे जोडण्यासाठी पूल बांधला आणि पंधरा वर्षांनी जोडायला दोन शहरे उरली नाहीत.

(अवांतर: हा पूल भोळ्या परदेशी लोकांना ‘विकणारे’ भामटेही होऊन गेले, जॉर्ज पार्कर हा त्यांतला प्रसिद्ध. ‘तुला हे खरे वाटत असेल, तर माझ्याकडे विकायला एक पूल आहे’, हा तेथला वाक्प्रचार त्यातूनच आला. हेगची गोष्ट वाचल्यावर वाटते, की पुलावरची सर्वांत मोठी फसवणूक पार्करची खासच नव्हती.)

---

हडसनकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारओढ ह्यांच्यामुळे जॉन मायर्स आणि पॅट्रिक मॅके ही दोन नावे मिळाली. सासूबाई परत साताऱ्यास गेल्या आहेत. त्यांना फोनवर ती वाचून दाखवली. त्यांनी मायर्सचे वय विचारले. चाळीस, असे सांगितले. “म्हणजे पोरं असतील,” एवढेच त्या म्हणाल्या.

पाटीच्या शब्दांविषयी माजघर ह्यांच्याशी मी सहमत आहे, आणि नवी भर अशी, की ब्रुकलिनच्या बाजूला पुलाखाली नदीकाठी जो नवा चौक २०२१ मध्ये खुला झाला, त्याला एमिली वॉरन रोबलिंग हिचेच नाव दिलेले आहे. त्या चौकाच्या नावात पती नाही, श्रद्धा नाही, त्यागही नाही. नुसते पूर्ण नाव आहे. कॅसनमध्ये राबलेल्या माणसांसाठी असे एखादे ठिकाण असावे, असे मला वाटते, आणि ते वर फोटोच्या जागी नव्हे, तर खाली पाण्याच्या पातळीला असावे.

माजघर ह्यांनी आनंदीबाईंची तारीख सांगितल्यावर मी नकाशा काढून बसलो, आणि गेल्या शनिवारी त्याप्रमाणे जाऊन आलो. एमिलीचा जन्म हडसन नदीकाठच्या कोल्ड स्प्रिंग गावचा, आणि ती व वॉशिंग्टन दोघेही तेथल्याच दफनभूमीत आहेत. त्याच नदीच्या काठाने त्याच रेल्वेमार्गावर पुढे गेले, की तीन-चार स्थानकांवर शेवटचे स्थानक पोकीप्सी. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्यावर गोपाळरावांनी त्यांची रक्षा त्यांच्या अमेरिकेतल्या यजमानीण कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि तिला पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत स्थान मिळाले. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ त्या दगडावर कोरलेली आहे. तेथे, माजघर, ‘शिक्षण’ हा शब्द आहे.

कोणास जायचे असल्यास ग्रँड सेंट्रलहून हडसन मार्गाची गाडी धरावी, एका दिवसात दोन्ही होते. जाताना डाव्या हाताच्या खिडकीशी बसावे, नदी त्या बाजूस असते. पोकीप्सीला स्थानकापासून दफनभूमी बरीच दक्षिणेला आहे, तेव्हा टॅक्सी करावी. आम्ही चालत गेलो आणि परतीची एक गाडी चुकली.